मागच्या खोलीतला आवाज

नणंदेला सिनेमा काढायचा होता आणि त्यासाठी तिला एक घुसमटलेलं स्वयंपाकघर हवं होतं. शहरभर हिंडून पाय दुखल्यावर तिला भावाचं घर आठवलं. "दादा, तुझ्या घराइतकं घुसमटलेलं घर मला कुठेच मिळालं नाही," असं तिने फोनवर सांगितलं, तेव्हा दादाला तो आपल्या घराचा गौरव वाटला आणि त्याने तिथल्या तिथे होकार देऊन टाकला. वहिनीला विचारायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. खरं सांगायचं तर विचारलं असतं तरी ती नाही म्हणाली नसती, कारण नणंदेवर तिचा जीव होता.

सिनेमा स्वयंपाकघरात अडकलेल्या एका बाईचा होता. पाठीशी मोठी कंपनी नाही, नाच नाही, गाणी नाहीत. मित्रमैत्रिणी गोळा करून, स्वतःचं होतं नव्हतं ते घालून नणंद तो करत होती. त्यातली बाई पहिल्यापासून शेवटपर्यंत एक अक्षर बोलत नाही. भांडी घासते, ओटा पुसते, बाहेरच्या दाराच्या कडीपर्यंत हात नेते आणि मागे घेते.

"तिचं मौन हेच तिचं बंड आहे, वहिनी," नणंदेने समजावलं होतं. "बायकांचं हे जगणं कुणी बघतच नाही गं. मी लोकांना बघायला लावणार आहे."

वहिनी तेव्हा सगळ्या युनिटचा चहा गाळत होती. मनापासून पटून तिने मान हलवली.

मग शूटिंग सुरू झालं आणि स्वयंपाकघर वहिनीच्या हातून गेलं. डबे, बरण्या, ओट्यावरचं फडकं, काहीही जागचं हलवायचं नाही. कालच्या शॉटमध्ये झारा डावीकडे टांगलेला असेल तर आजही तो डावीकडेच हवा, आणि यावर नजर ठेवायला एक चष्मेवाली मुलगी नेमलेली होती. वहिनीने सवयीने झारा उचलला की ती "वहिनी, कंटिन्युइटी!" असं किंचाळायची. हिरोइनच्या अंगावर वहिनीच्याच दोन साड्या होत्या आणि पायात वहिनीच्याच चपला, कारण वापरून झिजलेल्या वस्तू बाजारात मिळत नाहीत. वहिनी मागच्या खोलीत विजेच्या शेगडीवर घरच्यांचा स्वयंपाक करायची आणि तिथेच अनवाणी वावरायची.

त्या मागच्या खोलीला दार एकच, आणि ते स्वयंपाकघरात उघडायचं. खिडकीला गज होते. खोलीत सासूबाई असायच्या. म्हातारीचं मन साफ, तब्येत ठणठणीत, फक्त कान गेलेले. त्यांच्या कानातलं मशीन मधूनच शीळ घालायचं. इथे आवाज जागच्या जागी रेकॉर्ड होत होता, त्यामुळे साउंडवाल्याने पहिल्याच दिवशी हात जोडून ते काढायला लावलं. मशीन गेल्यावर सासूबाईंना काही सांगायचं तर कानाशी तोंड नेऊन बोंबलावं लागायचं, आणि बोंबलायची तर घरात सक्त मनाई. या पेचातून दादाने मार्ग काढला. "तू आईजवळ बस आणि तिला गप्प ठेव," तो बायकोला म्हणाला. "एवढंच तर काम आहे तुला."

शेवटच्या दिवशी मात्र वहिनीला दुसरंही काम होतं. लग्नाआधी ती एका लॅबमध्ये रक्त काढायची. हात इतका हलका की सुई कधी गेली ते पेशंटला कळायचं नाही. पलीकडच्या गल्लीत नवी लॅब निघाली होती. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "शुक्रवारी बाराच्या आत या. तुमचा हात बघते आणि ठेवून घेते. आणखी एक मुलगी आहे, तिला मी बारापर्यंतच थांबवून ठेवलंय." हे ऐकल्यापासून वहिनीला धड झोप नव्हती. स्वतःची अशी गोष्ट मागून तिला किती वर्षं झाली होती, तिचं तिलाच आठवेना.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आधी हे शूटिंग तर आटपू दे." नणंदेला सांगितलं तर तिने मिठीच मारली. "वहिनी, ग्रेट! तू जायचंच. अकराला आमचा शॉट संपतोय, मग तू मोकळी."

शॉट संपला नाही. तो सिनेमातला शेवटचा आणि सगळ्यात लांब शॉट होता. मध्ये कुठेही न तोडता बाईचं सगळं काम दाखवायचं, म्हणजे बघणाऱ्यालाही तिचा तो वेळ भोगावा लागेल, अशी नणंदेची कल्पना. कधी दिवाच लुकलुकला, कधी खाली कुणी हॉर्न वाजवला. मग सगळं जमून आलं, हिरोइनचा हात कडीपर्यंत गेला, आणि सासूबाई मागचं दार उघडून थेट कॅमेऱ्यासमोर आल्या. "चहाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

नणंदेने डोकं धरलं. हिरोइन दुसऱ्या दिवशी परत जाणार होती आणि खिडकीतलं ऊन दुपारनंतर भिंतीवरून सरकणार होतं. दादाने आईला हाताला धरून आत नेलं. वहिनी दारातच म्हणाली, "अहो, मला जायचंय ना. साडेअकरा वाजून गेलेत."

"एवढा एक शॉट," तो हळू आवाजात म्हणाला. "तिचं सगळं यावर आहे. तू समजूतदार आहेस." आणि त्याने दार ओढून बाहेरून कडी घातली.

वहिनीला आधी वाटलं, चुकून लागली असेल. तिने दार हळूच ढकललं, पण ते हललं नाही. फोन बाहेर टोपलीत ठेवलेला, सगळ्यांचे तिथेच होते. पलीकडून नणंदेचा आवाज आला, "पूर्ण शांतता, प्लीज. कुणी श्वासही जोरात घेऊ नका. ॲक्शन!"

मग नळ सुरू झाला. वहिनी दाराशी उभी राहून ऐकू लागली. तिचीच भांडी, तिचीच घासणी. बाहेरची ती किती हळू घासत होती! कढईलाच एवढा वेळ लावला तर ओटा कधी, नि दार कधी? वहिनीचा जीव टांगणीला लागला. भिंतीवरच्या घड्याळाचा मोठा काटा तिच्या डोळ्यांदेखत पुढे चालला होता. दार ठोठावलं तर नणंदेच्या कष्टांवर पाणी. नाही ठोठावलं तर ती दुसरी मुलगी. लॅबमधली खुर्ची, कापसाचे बोळे, स्पिरिटचा वास, सगळं हातचं जाताना तिला दिसत होतं. तिला संताप आला, आणि संतापाबरोबर रडू आलं. तोंडात पदर कोंबून ती रडली, कारण रडण्याचाही आवाज झाला असता.

कॉटवर सासूबाई लिमलेटची गोळी चघळत शहाण्यासारख्या गप्प बसल्या होत्या. त्यांनी सुनेकडे पाहिलं आणि गोळी गालात सरकवली. हाताने तिला जवळ बोलावलं, हनुवटी धरून तोंड वर केलं. बोलायचं नाही हे त्यांच्याही लक्षात होतं. त्यांनी फक्त भुवया उडवून 'काय झालं?' असं विचारलं.

वहिनीने मान हलवली. काही नाही.

म्हातारीला ते पटलं नाही. तिने केस मागे सारले, कान पुढे केला आणि त्यावर बोट आपटलं. सांग.

त्या कानात कुजबुज शिरत नव्हती. वहिनीने दाराकडे पाहिलं. पलीकडे पाणी थांबलं होतं, म्हणजे आता ओटा. काटा बाराच्या जवळ पोचला होता. समोर तो सुरकुतलेला कान तसाच धरलेला होता. एवढ्या दिवसांत पुढे आलेला एकच.

"मला नोकरीला जायचंय!" वहिनी ओरडली.

"काय?"

"मला जायचंय, आई! बाराच्या आत! ह्यांनी बाहेरून कडी घातलीय! मला कोंडलंय इथे!"

"कोंडलंय?" सासूबाई तिच्याहून मोठ्याने ओरडल्या. "माझ्या घरात? कुणी? उघडा रे दार, मेल्यांनो!"

पलीकडे कुणी 'कट'सुद्धा म्हणालं नाही. मग कडी निघाली. दारात नणंद उभी होती, गळ्यात हेडफोन, डोळे भरलेले.

"वहिनी, अगं काय आवाज होता तो! काटा आला अंगावर. मला वाटत होतं ही बाई बोलणारच नाही. आता ती शेवटी बोलेल. असंच, दाराआडून." तिने वहिनीचे दोन्ही हात धरले. "एकदाच परत म्हणशील? माईक आत आणते. आईचा आवाज मध्ये आलाय."

"मला जायचंय."

"हो गं, जायचंच आहे. पाच मिनिटं. तुझ्यासारख्यांसाठीच तर करतेय ना मी हे सगळं."

"एवढं म्हणतेय ती, तर..." मागून दादा म्हणाला.

वहिनीने हात सोडवून घेतले. कॅमेऱ्यासमोरून चालत ती हिरोइनपुढे जाऊन उभी राहिली. तिच्याच साडीतली ती बाई ओलं फडकं हातात धरून बघत होती.

"माझ्या चपला."

"कंटि..." चष्मेवाली मुलगी म्हणाली आणि गप्प झाली. हिरोइनने घाईघाईने चपला काढल्या आणि वाकून तिच्या पायांशी सरळ करून ठेवल्या. हिरोइनच्या मोठ्या पायांनी चपलांचे अंगठे सैल झाले होते. वहिनीने पाय सरकवले, बाहेरच्या दाराची कडी काढली आणि ती जिना उतरू लागली.

वरून सासूबाईंचा आवाज आला. "गेली का रे ती?"

कुणीतरी काहीतरी पुटपुटलं.

"ऐकू येत नाही! मोठ्याने बोला!"

मग नवऱ्याचा आवाज. आईच्या कानात ओरडायचं काम आजवर वहिनीचंच होतं. त्याचा आवाज पहिल्यांदा फाटला, म्हणून त्याने पुन्हा ओरडून सांगितलं. "गेली, आई! ती गेली!"

खालच्या पायरीवर तिला ते स्पष्ट ऐकू आलं. किती वाजले ते आता कळायला मार्ग नव्हता. सैल चपला पायांत घट्ट धरून ती पळत सुटली.