बारक्यानं बांधलेलं इंजिन

दुपारचे चार वाजले तरी इंजिन काही बोलेना. सेल्फ मारला की घरघरायचं, दोन-चार आचके द्यायचं, कार्ब्युरेटरमधून एक फुसका बार काढायचं आणि पुन्हा आपलं गप्प. सकाळी नऊपासून हाच खेळ चालला होता. दादा किल्ली फिरवून फिरवून कंटाळला, गाडीतून उतरला आणि ऑइलच्या रिकाम्या डब्यावर बसला. साठी उलटली होती. चाळीस वर्षं सिमेंटच्या फरशीवर टेकलेले गुडघे आता बसताना वेगळं आणि उठताना वेगळं कुरकुरायचे.

गाडी एका निवृत्त पोस्टमास्तरांची. ते दाराशी खुर्ची टाकून बसले होते आणि दर अर्ध्या तासाला एक सल्ला देत होते. जन्मभर लोकांची बंद पाकिटं हाताळली, त्यातलं एकही उघडून पाहिलं नाही, पण इंजिनाच्या पोटातलं मात्र त्यांना सगळं दिसत होतं.

"पेट्रोल आहे ना टाकीत?"

"आहे, मास्तर."

"नाही, कधी कधी साधीच गोष्ट राहून जाते, म्हणून म्हटलं."

बॉनेटखाली डोकं घालून उभा होता तो दादाचा धाकटा भाऊ. त्याला सगळे बारक्या म्हणायचे. लहानपणी तो चांगला गरगरीत होता, म्हणून थट्टेनं पडलेलं नाव. ते खरं व्हायला पंचावन्न वर्षं लागली. गेल्या वर्षी त्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि सहा महिन्यांत माणूस निम्मा झाला. पाय परत आला, बोलणं परत आलं. हातही आला, पण बोटांना आधीसारखं कळत नव्हतं. शर्टाची बटणं तो खाली बघून लावायचा.

पोस्टमास्तरांची गाडी आली तेव्हा त्यानं दादाला स्पष्ट सांगितलं होतं, "हे इंजिन मी एकटा खोलणार आणि एकटा बांधणार. तू हात लावायचा नाहीस. चालू झालं तर मी गॅरेजात परत आलो. नाही झालं तर घरी बसेन, आणि मग ह्या विषयावर मला कुणी काही बोलायचं नाही."

दादानं मान हलवली होती. त्याच संध्याकाळी बारक्याच्या बायकोनं त्याला जिन्यात गाठलं. "दादा, त्यांना करू द्या हो. घरात नुसते खिडकीशी बसून असतात. मला बघवत नाही." तिलाही दादानं शब्द दिला. सव्वीस दिवस झाले त्याला.

आता घोडं नेमकं कुठं पेंड खातंय, हे शोधायची एक रीत असते. बारक्या त्या रीतीनंच चालला होता. प्लग काढून इंजिनाला टेकवला, ठिणगी बघितली. निळी आणि ठणठणीत. पेट्रोल येत होतं, त्याचा वास तर मास्तरांपर्यंत जात होता. राहिला आतला दाब. पिस्टन वर येतो तेव्हा प्लगच्या भोकावर अंगठा धरला तर हवा त्याला जोरात उडवून लावते.

"तू लाव अंगठा," बारक्या म्हणाला. "माझ्या अंगठ्यावर काय जायचं."

दादानं उठून अंगठा लावला. हवेनं तो फाटकन उडवला. चारही ठिकाणी तेच. म्हणजे ठिणगी होती, पेट्रोल होतं, दाब होता. ताट वाढलेलं आहे, भूक आहे आणि तरी माणूस जेवत नाही, तर वेळच चुकलेली असणार.

"टायमिंग," दादा म्हणाला.

"तीनदा बघितलं. पुलीवरची खूण बरोबर जागेवर आहे."

"खुणेचं काय खरं? पिस्टन दोनदा वर येतो. एकदा दाब घेऊन, एकदा धूर बाहेर टाकायला. खूण दोन्ही वेळा तिथंच दिसते."

"दादा, हे तू मला शिकवतोस?" बारक्याचा आवाज चढला आणि तसाच उतरला. थकलेल्या माणसाला रागही फार वेळ धरवत नाही. तो गाडीच्या बंपरवर टेकला. "काल दुपारी मी पहिल्या भोकावर अंगठा लावला होता. उजवा. डावा लावला असता तर पक्कंच कळलं असतं, पण मला उजव्यालाच विचारायचं होतं. हवेनं ढकललेलं कळलं मला. म्हणजे वाटलं तसं. केवढा आनंद झाला होता म्हणून सांगू. मग खूण जुळवली आणि जेवायला, पडायला घरी गेलो. आल्यावर खूण तिथंच होती. डिस्ट्रिब्युटर बसवला."

त्यानं उजवा अंगठा डोळ्यांसमोर धरला. "म्हणजे काही कळलं नव्हतं. मनाचे खेळ सगळे."

दादानं पुलीकडे बघितलं.

डॉक्टरांनी बारक्याला दुपारी तासभर आडवं व्हायला सांगितलं होतं. तो रोज एक वाजता घरी जायचा. आणि तो कोपऱ्यावरून वळला की दादा पाना उचलायचा. अगदी पहिल्या दिवसापासून. बारक्यानं सकाळी जेवढे बोल्ट आवळले असतील तेवढे एकेक करून तपासायचा आणि पाना पुसून होता तिथं ठेवायचा. त्याला हे पाप वाटत नव्हतं. भावाचं हसं होऊ नये म्हणून आपण मागून बघतोय, एवढंच. काल पुलीचा मोठा बोल्ट तपासला. जोर दिला तशी पुली फिरली आणि खूण सरकली. मग दादानं पुली पुढं फिरवत नेली आणि खूण होती तिथं आणून ठेवली. एक पूर्ण फेरा. खूण तीच, पण पिस्टन आता धूर टाकायला वर आलेला. चाळीस वर्षं इंजिनं बांधणाऱ्या माणसाच्या हे डोक्यातसुद्धा आलं नाही, कारण डोकं सगळं कोपऱ्याकडे लागलेलं होतं.

गप्प राहणं सोपं होतं. आतली टायमिंगची साखळी एखादा दात सरकली असेल, म्हणता आलं असतं. पुलीच्या एका फेऱ्याला प्लगांना ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अर्धाच फिरतो; मग मागं राहून तो गुपचूप अर्धा फेरा फिरवून बसवायचा की झालं. इंजिन चालू. पण मग तो अंगठा कायमचा खोटा ठरत होता. आणि खरं सांगावं, तर ज्या भावाला तोंडानं कर म्हटलं त्याच्यावर सव्वीस दिवस पहारा ठेवल्याचं कबूल करायचं. दादाला वाटलं, ह्यापेक्षा इंजिन फुटलं असतं तर बरं.

बारक्या पाने पुसून पेटीत ठेवायला लागला. मोठे खाली, लहान वर. नेहमीसारखे नाही, नीट रचून. दुसऱ्याच्या हाती द्यायचे असल्यासारखे. ते बघितलं आणि दादाला राहवेना.

"तुझा अंगठा बरोबर होता," तो म्हणाला. "काल तू गेल्यावर मी पुलीचा बोल्ट तपासला. एक फेरा फिरला. मीच फिरवला."

बारक्याचा हात पेटीत तसाच राहिला. दाराशी मास्तर घोरत होते.

"फक्त पुलीचा?" त्यानं विचारलं.

"नाही."

"मग?"

"सगळे."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

बारक्यानं पेटीतून पाना काढला, डिस्ट्रिब्युटर सैल करून वर उचलला, अर्धा फेरा फिरवून परत बसवला. उजव्या हातानं. दादा मदतीला पुढं झाला, पण बारक्यानं नुसतं बघितलं आणि दादा होता तिथं थांबला. मग बारक्या स्वतःच आत बसला आणि सेल्फ मारला. इंजिन एकदा खाकरलं आणि चालू झालं.

मास्तर दचकून उठले. "बघा! पेट्रोलच नव्हतं ना?"

त्यांच्याकडे कुणी लक्ष दिलं नाही. बारक्या खाली उतरला, इंजिनावर तळवा ठेवून थोडा वेळ उभा राहिला. चेहऱ्यावर आनंद बिनंद नव्हता. थकवाच होता, आणि डोळे भरले होते.

"दादा, एक सांग. त्या सगळ्यांतले ढिले किती निघाले?"

"एकही नाही."

"एकही?"

"एकही नाही रे."

बारक्यानं बाहीनं तोंड पुसलं. "हे घरी येऊन हिच्यासमोर सांग. मी सांगितलं तर समजूत काढतोय म्हणेल. सव्वीस दिवस, एकही बोल्ट ढिला नाही, असंच सांग. आणि तुला कसं कळलं, तेही सांग."