ठोक्यांची वही

अक्षतानं पेन्सिलीचं टोक कागदावरच्या सगळ्यात उंच रेघेवर टेकवलं आणि वेळ तिसऱ्यांदा वाचली. काल संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटं. ठोके, एकशे बावन्न. मग तिनं शेजारची छोटी वही उघडली. पाच दहासमोर ठळक, गोलसर अक्षरात लिहिलं होतं, 'आराम'.

पाचच्या आधीही आराम होता आणि नंतरही. जेवणं आणि चहापाणी सोडलं तर जान्हवी तांबेनं चोवीस तासांत दुसरं काही केलंच नव्हतं. सातव्या महिन्यातली बाई कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत इतका आराम करू शकते, यावर अक्षताचा काडीचा विश्वास नव्हता. पण संशोधनात वहीत लिहिलेलं मानावं लागतं.

मुलुंडच्या एका रुग्णालयात अक्षता अशाच नोंदी सांभाळायची. लहानपणी विषाणूच्या तापात हृदयाला सूज आलेल्या मुली पुढे आई होताना त्यांचं हृदय हा भार कसं पेलतं, हे डॉक्टर इरावती चार वर्षं तपासत होत्या. जान्हवी त्यांची एकेचाळिसावी. सहा वर्षांची असताना एका तापानं ती महिनाभर अंथरुणाला खिळली होती. आता दर महिन्याला छातीला वायरी चिकटवून आणि कमरेला मोबाइलएवढं यंत्र लावून ती एक दिवस घरी राहायची. यंत्र ठोके टिपायचं. धडधडलं तर यंत्राचं बटण दाबायचं, आणि दिवसभर कधी काय केलं ते वहीत लिहायचं, एवढंच काम.

"बसल्या जागी एकशे बावन्न?" डॉक्टर इरावतींनी चष्मा कपाळावर सरकवला. "कारण नसताना हृदय असं पळत असेल तर मी हिला घरी पाठवणार नाही. आजच दाखल करू. कदाचित बाळंतपणापर्यंत इथेच."

"दोन महिने?" जान्हवीचा चेहरा पार उतरला. "पण डॉक्टर, मला काहीच होत नाहीये."

डॉक्टर खाट रिकामी आहे का ते विचारायला बाहेर गेल्या. जान्हवीच्या सासूबाईंनी, नलिनीबाईंनी, मांडीवरची पिशवी घट्ट धरली होती. अक्षतानं फाइलमधली जान्हवीची सही पाहिली. बारीक, तिरकी. वहीतलं अक्षर तिचं नव्हतंच.

"काकी, वही कोणी भरली?"

"मी. हिला कशाला उगाच त्रास?"

"मग पाच दहाला ही काय करत होती?"

"लिवलंय ना. आराम."

जान्हवीनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं, सासूबाईंकडे पाहिलं आणि मिटलं. शेवटी नलिनीबाईंनीच विचारलं, "बाय, खरं कारण कळलं तर घरी सोडतील?"

"कारण काय आहे त्यावर आहे, काकी."

नलिनीबाईंनी पदरानं कपाळ टिपलं.

"फुगडी," त्या म्हणाल्या.

अक्षताच्या हातातली पेन्सिल थांबली.

"काल डोहाळजेवण होतं. घाटकोपरची माझी नणंद आलेली. चार बायकांत म्हणते कशी, सुनेचं काळीज नाजूक ना गो तुझ्या, झेपेल काय तिका? माझं डोकंच फिरलं. म्हटलं, ऊठ गं जान्हवी. धरले हात आणि घातली फुगडी."

"सातव्या महिन्यात?"

"पाच-सहा गिरक्याच गं. दम माझाच गेला आधी. ही आपली हसतेय."

"मग आराम का लिहिलंत?"

"उद्या कोणी वाचलं तर? म्हणतील, पोटुशी सुनेला नाचवते. सकाळी चपात्या पण हिनंच लाटल्या. तां पण नाय लिवलंय."

जान्हवीला हसू आवरेना. डॉक्टर परत आल्या तेव्हा अक्षतानं त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी कागद पुन्हा ओढून घेतला आणि त्या उंच रेघेच्या पुढचा उतार बोटानं मोजला.

"चार मिनिटांत ठोके खाली आलेत. फुगडी घातली तर कोणाचेही असेच चढतील आणि असेच उतरतील." मग त्यांनी आवाज चढवला. "पण पुन्हा फुगडी घातलीत तर तुम्हालाच दाखल करीन, काकी. बाळ झालं की घाला हवी तेवढी. आज हे यंत्र परत लावून घरी जा. उद्या नोंद बघून ठरवू. आणि वहीत खरं लिहा."

"देवाशप्पथ," नलिनीबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दोघी पुन्हा समोर बसल्या. वहीची पानं दोन्ही बाजूंनी भरली होती. 'सात वाजता चहा, माझ्या हातचा. सव्वासातला साखर जास्त पडली म्हणून भांडण. पंधरा पायऱ्या चढली, मी मागे होते. नणंदेचा फोन आला, मी घेतला नाही.' अक्षता एकेक वेळ कागदावर लावून बघत गेली. भांडणाला शंभर, पायऱ्यांना एकशे आठ, बाकी सगळं शांत. डॉक्टरांनी फाइलवर सही केली.

"घरी जा. पुढच्या महिन्यात या."

जान्हवीनं इतका मोठा सुस्कारा सोडला की डॉक्टरही हसल्या. नलिनीबाई लगेच पिशवीत डबा शोधू लागल्या. घावणे आणले होते, सगळ्यांसाठी.

अक्षताला एकच गोष्ट जुळत नव्हती. दुपारी सव्वातीनला यंत्राचं बटण दाबलं गेलं होतं, आणि ठोके होते फक्त शहाऐंशी. काही न होता जान्हवीनं बटण का दाबलं असेल? तिनं वहीचं शेवटचं पान उलटलं. तेच ठळक, गोलसर अक्षर होतं.

'सव्वातीन. बाळानं लाथ मारली. माझा हात तिथेच होता. बटण मी दाबलं. धडधड माझी.'