पावडरीचे पिंप

रविवारी दुपारी, धाकट्या बहिणीच्या घरी, भाचीच्या वाढदिवसाला, दादांच्या काटकसरीचा निकाल लागला.

मैद्याचे पोते घाऊक भावाने आणून त्यांनी ते कपडे धुण्याच्या पावडरीच्या रिकाम्या पिंपात भरले होते. “अहो, त्याला वास आहे. डबे आणू या,” असे बायको म्हणाली, तेव्हा धुतलेले भांडे नव्यासारखेच असते, हे त्यांनी इतके मुद्देसूद सिद्ध केले की तिने केकलाही तोच मैदा घेतला. आज तिचा केक पाहुण्यांना आवडला, तर तिला घरबसल्या ऑर्डरी मिळणार होत्या.

पाहुण्यांनी एकेक घास घेतला आणि बशा हळूच खाली ठेवल्या.

“मामी, तोंड धुऊन निघालं,” भाची म्हणाली. सगळे हसले.

“माझंच काहीतरी चुकलं असेल,” बायको दादांकडे न बघता म्हणाली.

त्या वाक्याने दादांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. एरवी वादात न हरणारे ते गृहस्थ उठून उभे राहिले.

“मैदा मी पावडरीच्या पिंपात भरला होता,” ते अखेर म्हणाले. “ही नको म्हणत होती.”

बहिणीने बशी बाजूला सारली.

“वहिनीचा हात चांगला आहे, दादा. तुझं पिंप वाईट आहे.”