बांधण्याआधी भरलेला बाजार

मित्रांनो, मी एक मासळी बाजार आहे. मला छप्पर आहे, ओटे आहेत, गटारं आहेत, बर्फाची खोलीसुद्धा आहे. पण तुम्ही मला हात लावायला आलात तर हाताला काहीच लागणार नाही. मी संगणकात राहतो. खरा बाजार आगरदांड्याच्या पुढे, खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात उभा आहे. त्याच्या आधी माझा जन्म झाला. लोक मला नुसतं ‘मॉडेल’ म्हणतात.

मला घडवलं प्रणालीने. ही म्हसळ्याची मुलगी इंजिनीअर होऊन अलिबागच्या एका लहानशा कचेरीत कामाला लागली होती. तिने मला नुसतं चित्रासारखं काढलं नाही. माझ्या प्रत्येक भागाला तिने त्याची माहिती दिली. माझ्या खांबाला आपल्यात कोणतं सिमेंट आहे ते ठाऊक आहे. माझ्या पत्र्याला खाऱ्या वाऱ्यात पुन्हा रंग कधी लागेल ते ठाऊक आहे. पनवेलच्या एका साहेबांनी माझा पाया आणि बीम घातले, दुसऱ्या कुणी विजेच्या तारा ओढल्या, तिसऱ्याने पाण्याचे पाइप टाकले. ही माणसं एकमेकांना कधी भेटलीही नव्हती. त्यांची गाठ पडली ती माझ्यात.

एकदा तर मजाच झाली. गटाराचा पाइप बर्फाच्या खोलीखालच्या बीममधून आरपार गेला. मी ती जागा लालभडक करून दाखवली. प्रणालीने दोघांना फोन लावला, दोघं थोडं भांडले, मग हसले, आणि जेवणाच्या सुट्टीआधी पाइप बाजूला सरकला. हेच जमिनीत गाडल्यावर कळलं असतं तर किती फोडाफोडी झाली असती!

पण माझी खरी परीक्षा पुढे होती. त्या कोळीवाड्यात आधी एक बाजार बांधून झाला होता. चारी बाजूंनी भिंती, आत काळोख. बायका त्यात एक दिवस बसल्या आणि पुन्हा रस्त्याच्या कडेला जाऊन बसल्या. तिथे आता बकऱ्या बसायच्या. त्यामुळे नवा बाजार म्हटल्यावर बायकांनी सांगून टाकलं, “बांधा तुमचा तुमी. आमी काय येनार न्हाय.”

मित्रांनो, ज्यात कुणी येणारच नाही, असा बाजार होणं किती वाईट!

प्रणाली मला घेऊन समाजमंदिरात गेली. भिंतीवर पांढरी चादर लावली आणि मला त्या चादरीवर उभं केलं. समोर सगळ्या मासळी विकणाऱ्या बायका बसल्या होत्या. सर्वांत पुढे केसरमावशी. वयाने मोठ्या आणि आवाजाने त्याहून मोठ्या.

“मावशी, हा तुमचा ओटा,” प्रणाली म्हणाली. “तुम्ही यावर बसलात की समोर काय दिसेल, ते आता बघा.”

चादरीवर भिंत दिसली. नुसती भिंत.

“आन माझं गिऱ्हाईक कुठं हाय गो?” केसरमावशींनी विचारलं. “त्याला मी कशी हाक मारू? भिंतीला मारू?”

सगळ्या हसल्या. प्रणालीही हसली. तिने तिथल्या तिथे माझी पुढची भिंत गुडघ्याएवढी केली. रस्ता दिसू लागला. केसरमावशींना हुरूप आला. “तो खांबपन काढ मंग. मधीच येतोय.”

“काढते,” प्रणाली म्हणाली, आणि खांब नाहीसा करून वरच्या छपराचं वजन रंगांत दाखवलं. छपराचा तो कोपरा लाल झाला. “आता हे छप्पर तुमच्या पाटीत येईल, मावशी.”

“ऱ्हाऊ दे बाय, ऱ्हाऊ दे!”

खांब राहिला, ओटा थोडा सरकला. मग प्रणालीने माझ्यावरचा सूर्य फिरवून दाखवला. दुपार कलली तसं ऊन आत शिरलं आणि ओट्यांची एक अख्खी ओळ उन्हात न्हाऊन निघाली. हे प्रणालीच्या लक्षात आलं नव्हतं आणि बायकांच्याही आलं नव्हतं.

“अगो, कोलंबीचं काय व्हईल?” मागून सगुणा म्हणाली.

मग सगळ्यांनी मिळून ओळ फिरवली आणि छपराची पुढची कड खाली ओढली. शेवटी केसरमावशी उठल्या. माझ्याकडे बोट करून म्हणाल्या, “येतो आमी. पन हेच बांध. दुसरं न्हाय.”

त्या दिवशी मला वाटलं, आपण भरलो. अजून एक वीटही लागली नव्हती, पण भरलो.

काम मितेशला मिळालं. हा तरुण ठेकेदार श्रीवर्धनचा. हुशार, बोलका, कायम मोटारसायकलवर. त्याचा मुकादम सदा. त्याची माणसं पटापट काम करणारी होती. फक्त एक गोष्ट झाली. काम मिळण्याआधी, भाव भरताना, मितेशने माझी पहिली आवृत्ती कागदावर छापून घेतली होती. तो नकाशा प्लॅस्टिकमध्ये घालून साइटवरच्या शेडमध्ये टांगला होता. समाजमंदिरातल्या सभेनंतर मी बदललो. तो कागद कसा बदलणार? आणि मला बघायचं तर टॅब उघडावा लागे. तिथे नेटवर्क येई-जाई. टॅब कपाटात पडून राहिला. कित्येक दिवस मला कुणी उघडलंच नाही. मी आत सगळी उत्तरं घेऊन बसलो होतो आणि बाहेर कुणी काही विचारत नव्हतं.

एके दिवशी सकाळी केसरमावशी पाटी घेऊन तिकडून चालल्या होत्या. थबकल्या. समोर पुरुषभर उंच भिंत उभी होती. आतले ओटे जुन्याच दिशेने झाले होते. त्या ओरडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, “सदा, ही भिंत कुनी सांगितली?”

“नकाशात हाय, मावशी.”

“बरं,” म्हणून त्या गेल्या. संध्याकाळपर्यंत कोळीवाड्यात एकच बोलणं होतं : बाजारात कुणी पाऊल टाकायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हे कळताच प्रणाली धावत आली; मितेश आणि केसरमावशीही तिथे होते. तिने टेम्पोच्या बॉनेटवर टॅब ठेवून मला उघडलं, कॅमेरा भिंतीवर धरला आणि खरी भिंत व माझी भिंत एकावर एक दिसू लागली. माझी गुडघ्याएवढी. खरी आभाळाकडे निघालेली.

“मॅडम, मला नवा नकाशा मिळालाच नाही,” मितेश म्हणाला.

“पाठवला होता,” प्रणाली म्हणाली. “पण तुम्ही उघडला का, ते मी विचारलं नाही. चूक दोघांची आहे.”

मितेश कपाळाला हात लावून उभा राहिला. मग त्याने वाट काढायचा प्रयत्न केला. “मावशी, असं करतो. भिंत राहू दे, मध्ये जाळीची खिडकी पाडतो. छान रंग मारतो. चालेल ना?”

केसरमावशींनी आतल्या ओट्याकडे बोट दाखवलं. “बस हितं.”

मितेश बसला.

“आता सांग, रस्त्यानं कोन चाललंय?”

एक रिक्षा गेली. कुणीतरी बोलत गेलं. कुणाची तरी चप्पल वाजली. मितेशने मान उंच केली, वाकडी केली. पुढे नुसतं ओलं प्लास्टर. तो उठला आणि म्हणाला, “सदा, घण आण.”

पहिला घाव त्यानेच घातला. विटा पडू लागल्या तशी धुळीतून रस्ता आणि पलीकडची खाडी दिसू लागली. केसरमावशींनी पाटीतली बाटली काढून त्याला पाणी दिलं.

त्यानंतर माझे दिवस पालटले. रोज सकाळी काम सुरू होण्याआधी शेडमध्ये मला उघडायचे. सदाने सिमेंट लागलेल्या बोटाने मला फिरवून फिरवून टॅबची काच पार पांढरी केली. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट बाहेरचं जग मला आपल्या गोष्टी सांगू लागलं. खणताना एका जागी कातळ लागला, टाकी सरकवली, ते मला सांगितलं. नळ दोन बोटं वर घेतला, तेही सांगितलं. मी आणि तो विटांचा बाजार जुळ्या भावांसारखे दिसू लागलो.

आणि मग तो भरला! बोंबील, मांदेली, सुरमई, बर्फाचा खडखडाट आणि केसरमावशींची हाक. हे सगळं मला प्रणालीकडून कळलं. ती शेवटची माहिती भरायला आली होती. प्रत्येक ओट्यापुढे एक जागा रिकामी होती : वापरणारी व्यक्ती.

“इथे ‘विक्रेती’ लिहू का सगळ्यांना?” तिने विचारलं.

“का? आमाला नावं न्हायत व्हय?” केसरमावशी म्हणाल्या.

मग एकेक नाव सांगितलं गेलं. केसर. सगुणा. काशी. कोपऱ्यातल्या ओट्यावरून थोडी वादावादी झाली आणि तिथे नीराबाईंचं नाव लागलं. माझ्या विटांना, तारांना, पाइपांना नावं होतीच. आता माझ्यात माणसं आली.

मित्रांनो, तुमच्याही गावात शाळा होईल, दवाखाना होईल, पूल होईल. त्यांचंही कुठेतरी माझ्यासारखं मॉडेल असेल. ते बनवताना, तिथे जे बसणार, चालणार, राहणार, त्यांना बोलवा. आणि एकदा बनवलं की कपाटात ठेवू नका. आम्हाला जेवढं सांगाल तेवढंच आम्हाला कळतं. खोटं सांगितलंत तर आम्ही खोटंच जपून ठेवू. काही सांगितलंच नाहीत तर आम्ही जुन्या काळातच बसून राहू.

आता माझी देखभाल ग्रामपंचायतीतली भाविका करते. आज सकाळी तिने मला उघडलं आणि लिहिलं, “नीराबाईंच्या ओट्याचा नळ गळतो.”

एवढंच. पण मला काय आनंद झाला म्हणून सांगू! वॉशर बदलला की मला तेही कळवा.