खर्चाची ओळ

"पुन्हा एकदा. आणि या वेळी जरा माणसासारखं," काचेपलीकडून स्टुडिओचे मालक म्हणाले.

सुसाटने छाती भरून श्वास घेतला, डोळे मिटले आणि एका दमात ओळ फेकली. मालकांनी कपाळाला हात लावला.

ओळ साधीच होती. 'या जाहिरातीचा खर्च अमुक अमुक यांनी केला असून उमेदवाराची त्यास संमती आहे.' निवडणुकीच्या प्रत्येक जाहिरातीच्या शेपटाला ती लावलीच पाहिजे असा कायदा. पण सुसाटच्या तोंडून ती बाहेर पडली की दुकानाचं शटर खाली ओढल्यासारखा एकच आवाज व्हायचा, फर्र! आणि जाहिरात संपायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, रेडिओच जरा खरखरला.

हीच तर त्याची कमाई होती. पैसे कुणी दिले हे सांगायची हौस कुणालाच नसते, आणि न सांगून भागत नाही. या दोन्हींच्या मधल्या फटीत देवाने सुसाटला जन्माला घातलं होतं. रेकॉर्डिंगच्या त्या खोलीत 'भारदस्त' नावाने ओळखला जाणारा एक गृहस्थ गळ्याला मफलर गुंडाळून मुख्य जाहिरात वाचायचा. मग तो बाहेर यायचा, सुसाट आत जायचा, फर्र करायचा आणि भारदस्तचा चहा गार व्हायच्या आत परत यायचा. उभी हयात अशी गेली. खरं नाव मालकांच्याही लक्षात राहिलं नव्हतं.

आणि आता नवा नियम आला होता. खर्चाची ओळ बाकीच्या जाहिरातीच्याच गतीने, स्पष्ट, ऐकणाऱ्याला कळेल अशी वाचायची. नाहीतर रेडिओ स्टेशन जाहिरात लावणार नाही आणि रेकॉर्ड करणाऱ्यालाही पुन्हा दारात उभं करणार नाही.

"हे बघा," मालक आत येऊन म्हणाले, "आज घरी जा. सराव करा. उद्या सकाळी जमलं तर तुम्ही, नाहीतर शेपूटही भारदस्तच वाचतील. माझा नाइलाज आहे."

"माझी हरकत नाही," भारदस्त मफलरमधून म्हणाला. "पण शेपटाचा दर वेगळा."

"नकाळजीकरूमालकउद्यानक्कीजमेल," सुसाट म्हणाला.

"हेच! हेच म्हणतोय मी!"

घरी बायको भाजी चिरत होती. सुसाटने तिला सगळं सांगितलं. तिने सुरी खाली ठेवली, कारण नवरा बोलत असताना हातातलं काम सोडलं नाही तर अर्धं निसटतं हे ती लग्नाच्या आधीच शिकली होती.

"म्हणजे हळू बोलायचं, एवढंच ना? बोला मग. म्हणा, 'मला... भूक... लागली... आहे.'"

"मलाभूक," सुसाट म्हणाला, आणि थांबला. मग घाम पुसून, "लागलीआहे."

"मध्ये थांबलात ते बरं झालं. पण दोन्हीकडून धावलात."

"अगं, सवय आहे."

"मला सांगताय? बघायला आला होतात तेव्हा काय विचारलंत ते मला आजतागायत कळलेलं नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले म्हणून मी हो म्हणाले."

"मग आता?"

"आता काय, भाजी झालीये. बसा."

आतल्या खोलीत म्हातारी आई खाटेवर बसून सगळं ऐकत होती. उशाशी रेडिओ. डोळ्यांनी तिला जवळजवळ दिसत नव्हतं, पण कान असे तल्लख की शेजारच्यांच्या दुधाला उकळी आलेली तिला आधी कळायची. निवडणुका आल्या की ती दिवसभर जाहिराती ऐकायची. कुणाला मत द्यायचं याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं. ती वाट बघायची शेवटच्या 'फर्र'ची. तो आला की सुनेला हाक मारायची, "अगं ए, आपला आला बघ!" काय म्हणाला ते तिला एकदाही कळलं नव्हतं. आवाज पोराचा आहे, एवढ्यावरच ती खूश.

"इकडे ये रे," तिने हाक मारली. "बस. तुझे बाबा कीर्तन करायचे तेव्हा तू त्यांच्या मागे झांजा घेऊन उभा असायचास. आठवतं?"

"आठवतं. झांज लवकर पडते म्हणून काढून घेतली."

"तेव्हापासूनच घाई," आई हसली. "ते काय करायचे, देवाचं नाव आलं की त्याच्या आधी थांबायचे. अगदी एवढंसं. सगळा मंडप थांबायचा. पोरं रडायची थांबायची. आणि मग नाव यायचं. म्हणायचे, ऐकणाऱ्याला ओंजळ पुढे करायला वेळ दिला पाहिजे, नाहीतर आपण ओतायचं आणि त्याने सांडायचं."

"आई, ते देवाचं नाव होतं. इथे पैसे देणाऱ्या दगडखाणवाल्यांचं आहे."

"नाव कुणाचं का असेना. ऐकणारा तोच असतो ना?"

 आई मांडीवर बोटांनी ठेका धरू लागली. "चल, म्हण. या जाहिरातीचा... खर्च..."

म्हातारीने त्या ओळीला चालच लावली. सुसाट तिच्या मागून गाऊ लागला. उंबऱ्यात बायको पदर तोंडाला लावून हसत होती, मग हसता हसता तीही ठेक्यात मान डोलवायला लागली. निवडणूक कायद्याचं असं भजन पूर्वी कुठे झालं असेल असं वाटत नाही. हळूहळू आईने चाल काढून घेतली, ठेका काढून घेतला, आणि उरला तो नावाआधीचा तेवढा थांबा. तो काही सुसाटला सोडून गेला नाही.

सकाळी उमेदवाराचा प्रचारप्रमुख जातीने हजर होता. दोन फोन, तिसरा खिशात. भारदस्तने काचेपलीकडे खर्ज लावला: "आपली टेकडी, आपली हिरवळ! आपल्या मुलांच्या छातीत स्वच्छ हवा! धुळीला नाही म्हणा!" प्रचारप्रमुखाने टिचकी वाजवली. "क्या बात है!"

मग सुसाट आत गेला. माइकसमोर उभा राहिला. श्वास घेतला, पण छाती फुगवली नाही.

"या जाहिरातीचा खर्च," तो म्हणाला, आणि थांबला. प्रचारप्रमुखाचा फोनकडे गेलेला हात तसाच राहिला. भारदस्तने कप तोंडाशी नेला होता तो तिथेच. "दगडखाण मालक संघटनेने केला असून, उमेदवाराची त्यास संमती आहे."

 मग भारदस्तच्या नाकातून चहा आला.

"धुळीला नाही म्हणा," तो खोकत म्हणाला, "आणि खर्च दगडखाणीचा! अहो, मी इतक्या वेळा वाचलं, माझ्या लक्षातच आलं नाही!"

"हे काय आहे?" प्रचारप्रमुख मालकांवर घसरला. "हा माणूस फर्र करतो म्हणून आलो मी इथे!"

"साहेब, नियम..."

"नियम मलाही कळतात. हळू वाचा, नको कोण म्हणतं? पण नाव तेवढं जरा गिळा." त्याने काचेचं दार उघडून आत मान घातली आणि आवाजात साखर घातली. "काका, बाकी सगळं अगदी असंच. फक्त संघटनेपाशी थोडं तोंडातल्या तोंडात. स्टेशनवर कोण कान लावून बसतंय? एवढं करा, प्रचार संपेपर्यंत आमच्या सगळ्या शेपट्या तुमच्या."

मालकांनी सुसाटकडे पाहिलं. त्या नजरेत 'करा' होतं आणि 'करू नका'ही होतं. दुकान चालवणाऱ्याची नजर अशीच असते.

सुसाटला गिळता येत होतं. त्या कलेत त्याचा हात धरणारा गावात दुसरा नव्हता. त्याने मान हलवली, दार लागलं, दिवा लाल झाला. "या जाहिरातीचा खर्च," तो म्हणाला, थांबला, आणि त्या थांब्यात त्याला उशाशी रेडिओ घेऊन बसलेली आई दिसली, ओंजळ पुढे केलेली. नाव पहिल्यापेक्षाही स्वच्छ आलं.

"मुद्दाम करतोय हा!" प्रचारप्रमुख ओरडला.

"नाही हो," सुसाट बाहेर येऊन म्हणाला. "आता तसं येत नाही."

हे पुरतं खरं नव्हतं. पण हळू बोललं की खोटंही बरंच सभ्य वाटतं, हे त्याला त्याच दिवशी कळलं.

स्टेशनची दुपारची वेळ ठरलेली होती, भारदस्तचा खोकला थांबत नव्हता, दुसरं रेकॉर्डिंग करायला सवड नव्हती. जाहिरात तशीच गेली. प्रचारप्रमुख जाताना एवढंच म्हणाला, "उद्यापासून शेपूट दुसऱ्याकडून." मालक सुसाटला दारापर्यंत सोडायला आले. आजवर कधी आले नव्हते. चप्पल घालेपर्यंत ते थांबले.

"प्रचार संपेपर्यंत घरी बसा," ते म्हणाले. "पुढचं पुढे बघू. आणि... नाव काय तुमचं? खरं?"

सुसाटने सांगितलं. सावकाश. मालकांनी ते एकदा स्वतःशी म्हणून पाहिलं.

तो घरी पोचला तेव्हा आतल्या खोलीत रेडिओ चालू होता. बायको त्याचा चेहरा बघून काही विचारायला निघाली, त्याने बोट ओठांवर ठेवलं. टेकडी झाली, हिरवळ झाली, धूळ झाली. मग तो आवाज आला, थांबला, आणि नाव आलं.

आई ताठ बसली. तिचे हात नकळत मांडीवर जुळले.

"सूनबाई," ती हळूच म्हणाली, "कोण गं हा? किती नीट सांगितलंन! कुणीतरी चांगलं शिकवलंय याला." मग जरा वेळाने, रेडिओच्या दिशेने कान वळवून, "आणि आपला? आपल्याचं नाही लागलं आज?"

सुसाट खाटेजवळ जाऊन बसला. आईने चाचपत त्याचा हात धरला. तो एवढंसं थांबला.

"लागलं, आई," तो म्हणाला.