उजव्या बटणाखालच्या ओळी

दुपारी चारच्या सुमाराला ऊन तिरपं होऊन नानांच्या पलंगाच्या पायथ्याशी येतं, आणि त्याच वेळेला खोलीत काचेच्या दोन बांगड्या किणकिणतात. खालून लालबागच्या रस्त्याचा गलबला अकराव्या मजल्यापर्यंत चढलेला असतो, वैशाखात त्यात भाजल्या मिरचीचा ठसका आणि मसाला कुटण्याचा ठेकाही मिसळतो. तरी त्या सगळ्यातून तो बारीक नाद वेगळा ऐकू येतो. सुमनआत्या म्हटलं की मला तिचा चेहरा आधी आठवत नाही. आधी तो नाद आठवतो.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. फोर्टातल्या एका कचेरीत तिने आयुष्यभर टंकलेखन केलं, आणि जुनी चाळ पाडून ही इमारत उभी राहिली तेव्हा भावाबहिणीच्या शेजारशेजारच्या खोल्यांच्या जागी शेजारशेजारची घरं मिळाली. तिची बोटं लांब आणि सरळ होती. डाळ निवडतानासुद्धा ती बोटं एका लयीत पडायची. मजकूर तपासताना ती ओळीखाली फूटपट्टी धरायची आणि वाचून झालेल्या ओळीशेजारी पेन्सिलीची बारीक खूण करायची. निवृत्तीनंतर तिने ही सवय वाण्याच्या यादीला लावली, लग्नपत्रिकांना लावली, आणि पुढे जे काम तिने हाती घेतलं त्यालाही लावली.

नानांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. समजत सगळं होतं, अक्षरं ओळखता येत होती, डावा हात थरथरत का होईना चालत होता. पण आतला माणूस आणि आम्ही यांच्या मधलं दार बंद झालं होतं. आम्ही त्यांच्या उशाशी घंटी ठेवली. ती वाजली की माझी बायको मेधा आणि मी धावायचो आणि प्रश्नांची सरबत्ती करायचो: पाणी? पंखा? दुखतंय का कुठे? नाना मान हलवून हलवून थकायचे आणि शेवटी भिंतीकडे तोंड फिरवायचे. पुढेपुढे त्यांनी घंटी वाजवणंच सोडलं. आम्हाला वाटलं, त्यांना आराम पडतोय. माणूस मागायचं थांबला की सांभाळणाऱ्यांना बरं वाटतं, ही गोष्ट लिहायलाही मला लाज वाटते.

पलंगाशेजारच्या सरकत्या टेबलावर घरचा कम्प्युटर होता. त्याच्या पडद्याच्या कोपऱ्यात एक लहानसं घड्याळ होतं. अशा चिमुकल्या खिडकीला विजेट म्हणतात, हे आत्याला माझ्याआधी कुणीतरी सांगितलं होतं. नाना दिवसभर त्या घड्याळाकडे बघत पडलेले असायचे. एकदा आत्याने त्यांचा डावा हात उचलून माउसवर ठेवला आणि तिच्या ध्यानात आलं की डाव्या हाताची तर्जनी आपसूक उजव्या बटणावर येते. त्यांनी ते दाबलं. घड्याळाशेजारी एक यादी उलगडली: हलवा, आकार बदला, बंद करा. आत्या बराच वेळ त्या यादीकडे बघत उभी राहिली.

मी प्रभादेवीच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर लिहितो. आत्या उजव्या बटणाची यादी स्वतः लिहिणार म्हणते, हे ऐकून मी हसलो होतो. "अगं आत्या, सेटिंगमध्ये बटणांची अदलाबदल करता येते. एका मिनिटाचं काम आहे."

"म्हायतीय मला. तू मला शिकवू नको, मेल्या," ती फूटपट्टी न हलवता म्हणाली. "डावं बटण दाबलं की ते सरळ करूनच टाकतं. उजवं आधी विचारतं, काय हवंय म्हणून. नानाला सहा महिन्यांत असं कुणी विचारलंय? तू विचारलंस?"



मग तिच्या टेबलावर त्या घड्याळाच्या स्क्रिप्टच्या, म्हणजे ते चालवणाऱ्या लेखी सूचनांच्या, छापील प्रती साठू लागल्या. पडद्यावर तिला चूक दिसत नसे. कागद लागे, पट्टी लागे, पेन्सिल लागे. पहिल्या खेपेला तिने मूळच्या ओळींखाली आपल्या ओळी जोडल्या: पाणी, चहा, पंखा, खिडकी, कूस. एका सकाळी ती बाजारात गेली असताना नानांचं थरथरतं बोट 'बंद करा'वर पडलं आणि घड्याळ नाहीसं झालं. ती परतली तेव्हा नाना रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते, आणि गाल ओले होते. त्या दिवसापासून तिने मूळची यादी मुळातूनच काढून टाकायचा ध्यास घेतला. एक कंस निसटला म्हणून घड्याळ चार दिवस उघडेना. मी मदत देऊ केली तर म्हणाली, "राहू दे. मी कचेरीत चुका शोधायचाच पगार घेतला." पाचव्या दिवशी यादी उघडली, आणि तिच्यात फक्त नानांना हवं असू शकेल तेवढंच होतं.

प्रत्येक ओळीला तिने घरातलाच एकेक आवाज दिला. स्वतःचा आवाज द्यायला ती तयार झाली नाही. मागणं त्याचं आहे, त्यात माझं तोंड कशाला, असं तिचं म्हणणं. फोन हातात धरून ती घरभर आवाज गोळा करत फिरली. 'पाणी'ला तांब्याच्या भांड्यावर चमच्याचा ठोका, 'खिडकी'ला कडीचा खटका, 'चहा'ला कपबशी, 'कूस'ला पलंगाची करकर. नानांनी ओळ निवडली की तो आवाज कम्प्युटरमधून घरभर फिरायचा, आणि स्वयंपाकघरात असलेल्या माणसाला पाणी न्यायचं की खिडकी उघडायची ते जागेवरच कळायचं. पहिल्यांदा भांडं वाजलं तेव्हा मेधा पाणी घेऊन गेली, आणि नाना ते न सांडता सगळं प्यायले.

शेवटची ओळ मात्र आत्याला शोधावी लागली. एका दुपारी नाना पुन्हा पुन्हा यादी उघडत होते, पडद्यावरचा बाण सगळ्या ओळींवरून खाली नेत होते आणि काहीही न निवडता बाहेर पडत होते. आत्याने पाणी देऊन पाहिलं, उशी सारखी केली, पंखा कमी केला. नानांची मान नकारार्थीच. शेवटी ती दमून स्टुलावर बसली; हात मांडीवर टेकताना बांगड्या वाजल्या. नानांचा हात माउसवर सैल झाला आणि त्यांनी निवांत डोळे मिटले. त्या संध्याकाळी यादीत तळाला एक ओळ आली: नुसतं बस. आवाज, बांगड्यांचा.

तेव्हापासून रोज चारला ती ओळ वाजायची. आत्या शेजारच्या घरातून यायची, स्टुलावर बसायची, काही बोलायची नाही. ऊन पायथ्यापासून भिंतीवर चढेपर्यंत ती दोघं तशीच असायची. मी रजेच्या दिवशी दारातून बघायचो आणि पाऊल न वाजवता मागे फिरायचो.

भाद्रपदाच्या तोंडावर आत्या गेली. छातीत दुखतंय म्हणाली, दोन दिवस रुग्णालयात होती, आणि संपलं. बाराव्या-तेराव्याच्या गडबडीत नानांजवळ सतत कुणी ना कुणी होतं. चौदाव्या दिवशी घर रिकामं झालं, आणि दुपारी चारला बांगड्या वाजल्या. मेधाच्या हातातून पातेलं सुटलं. मी कम्प्युटरशी गेलो आणि ती ओळ काढून टाकली. नानांना त्रास नको, असं मी मेधाला सांगितलं. खरं तर तो आवाज मला सोसवला नव्हता. नाव मात्र मी नानांचं पुढे केलं.

दुसऱ्या दिवशी नानांनी यादी उघडली. बाण एकेक ओळ उतरत तळाशी आला, जिथे यादी आता संपत होती तिथे थांबला, थोडा आणखी खाली गेला. मग त्यांनी माउसवरून हात काढून घेतला. त्यानंतर तीन दिवस घरात भांडं वाजलं नाही, कडी वाजली नाही. आम्ही पुन्हा अंदाज करू लागलो, आणि नाना पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवू लागले.

चौथ्या दिवशी मी आत्याचं घर उघडून तिच्या खणातली शेवटची छापील प्रत काढली. शेजारीच फूटपट्टी होती. मी तिच्यासारखीच ती ओळींखाली धरून वाचत गेलो. स्क्रिप्टमध्ये यंत्र वाचत नाही अशाही ओळी लिहिता येतात. त्या पुढच्या माणसासाठी असतात. आत्याने त्या मराठीत लिहिल्या होत्या. पाणी माठातलं, फ्रिजचं नाही. पंखा दोनवर, तीनवर त्याला थंडी वाजते. कूस बदलताना आधी उजवा हात उचलायचा, तो अंगाखाली अडकला तर त्याला सांगता येत नाही. आणि अगदी तळाशी, माझं नाव घालून: यातली कुठलीही ओळ काढायची झाली तर नानाला विचार. त्या ओळीशेजारीही पेन्सिलीची खूण होती, म्हणजे ती तिने तपासली होती. मी तिथेच बसून रडलो.

मग मी नानांसमोर बसलो आणि आजारपणात पहिल्यांदाच स्वतः अंदाज न बांधता त्यांना प्रश्न विचारला. "नाना, ती ओळ परत घालू? बांगड्यांसकट?" त्यांनी मान खाली-वर केली.

आता आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करतो, उरलेले मेधा सांभाळते. चारला बांगड्या वाजतात. मी घरी असलो की हातातलं सोडून उठतो, नानांच्या खोलीत जातो, स्टुलावर बसतो आणि बोलत नाही. येणारा मीच असणार, हे नानांना पक्कं ठाऊक असतं. तरीही मी दारात आलो की क्षणभर ते माझ्यामागे बघतात. आणि इतक्या दिवसांनंतरही, त्या क्षणाला, मीही वळून बघतो.