हुरड्याच्या रंगाची गाडी

"हे काय हाय, संतराम?"

रामजीराव पतंग्यांनी अम्बॅसेडरच्या मागच्या दारावर बोट ठेवलं ते रोवूनच. तिथला रंग रुपयाएवढा फुगून फुटला होता, आणि फुटल्या जागी पत्रा दिसायच्या ऐवजी पोचे भरायच्या करड्या पुट्टीचा थर दिसत होता. गाडीच्या पलीकडे ड्रायव्हर थावरा राठोड हातातलं फडकं पिळत उभा होता. फडकं कोरडं होतं.

संतरामनं वाकून पाहिल्यासारखं केलं. पाहायची गरज नव्हती. ते ठिगळ त्यानंच लावलेलं होतं.

"पुट्टी हाय, आबा."

"पुट्टी हाय ते मलाबी दिसून राहिलं. मी गाडी कुठं ठोकली न्हाई, मग पुट्टी आली कुठून? सकाळी यानं गाडी धुतली अन् फोड फुटला. म्हंजी यानं कवातरी गाडी घासली, अन् मला न सांगता तुझ्याकडून झाकून घेतली. हा रंग तुझ्याबिगर कोणापाशी न्हाई. आता बराबर सांग, कोणी आणली व्हती गाडी?"

प्रश्न सरळ होता, आणि सरळ प्रश्नासारखी अडचणीची गोष्ट दुसरी नाही. औंढ्यात जिंतूर रस्त्यावर संतरामचं पत्र्याचं शेड होतं. वीस वर्षांत त्यानं जीपा रंगवल्या, ट्रॅक्टर रंगवले, वरातीसाठी एक बँडची गाडीसुद्धा गुलाबी करून दिली. पण मनापासून त्याला आवडायचं ते बारीक काम. कुठं खरचटलेलं, कुठं खडा लागून टवका उडालेला. पूर्ण गाडी कोणीही रंगवील; बोटभर ओरखडा असा भरायचा की मालकालाही सापडू नये, याला हात लागतो. गंमत अशी, की सुताराचं काम दिसलं की त्याची वाहवा होते आणि याचं काम दिसलं की याची छी-थू होते. संतरामला या धंद्याचा हाच न्याय मान्य होता.

ही गाडी रामजीरावांनी अठ्ठ्याण्णव साली जुनी म्हणून घेतली, तेव्हा रंग निवडायला ते मुलीला घेऊन शिरड शहापूरहून आले होते. नीलम तेव्हा दहावीत होती. रामजीरावांचं पांढऱ्यावर ठरलेलंच होतं. बड्या शेतकऱ्याला पांढरी गाडी शोभते, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

"पांढरी नको, आबा," नीलम म्हणाली. "गावात शिरलो की लोक तहसीलदार आला म्हणून सातबारा घेऊन पळत येतील."

रामजीराव हसले. ते हसले म्हणजे अर्धी लढाई जिंकली हे त्या पोरीला ठाऊक होतं. तिनं लगेच कंपनीच्या रंगांच्या कार्डावरच्या एका फिकट हिरव्या चौकोनावर बोट ठेवलं.

"कार्डावरून रंग घेऊ नये, बाई," संतरामनं सांगितलं. "हितं तो नखाएवढा हाय, गाडीवर म्हशीएवढा व्हतो. नखाएवढा गोड दिसणारा म्हशीएवढा झाला की डोळ्यात खुपतो."

त्यानं तीन पत्रे तीन हिरव्यांनी रंगवले, लिंबाच्या झाडाला टेकवून ठेवले आणि बापलेकींना सकाळी, दुपारी आणि दिवस कलताना असं तीनदा बघायला लावलं. दुपारच्या उन्हात तिन्ही रंग सारखेच मेले. संध्याकाळी मधला पत्रा उजळला, पण पुरता नाही. संतरामनं त्यात थोडा पिवळा घातला, काळ्याचा एक थेंब सोडला, पत्र्यावर पुन्हा फवारा मारला, आणि नीलम ओरडली, "हुरडा! आबा, हा तर हुरड्याचा रंग!" खरोखर ज्वारीच्या कोवळ्या दाण्याचा तो दुधाळ हिरवा रंग होता. कुठल्याही कंपनीच्या कार्डावर त्याचा नंबर नव्हता. पंचक्रोशीत ती गाडी लांबून ओळखू यायची, आणि ती दिसली की संतरामची मान इंचभर वर जायची.

दोन वर्षांनी, एका श्रावण सोमवारी, औंढ्यात दर्शनाची ही गर्दी असताना तीच गाडी शेडपुढं येऊन थांबली. आतून थावरा आणि नीलम उतरले. नीलमचे डोळे रडून लाल झालेले. मागच्या दारावर हातभर ओरखडा आणि वीतभर पोचा.

"ताईनं फाटकाच्या खांबाला घासली," थावरा खालच्या आवाजात म्हणाला. "मीच शिकवून राहिलो व्हतो तिला. सहा महिने झाले."

रामजीराव कोर्टाच्या तारखेला आदल्या दिवशीच एस्टीनं औरंगाबादला गेले होते, संध्याकाळी यायचे होते. पोरीबाळींनी गाडी चालवणं त्यांना बिलकूल पटत नव्हतं. पण खरी भीती ती नव्हती. बारावीनंतर तिला नांदेडला शिकायला पाठवायचं त्यांनी कबूल केलं होतं. भाऊबंद म्हणत होते, पोरीला एकटीला ठेवू नको, उजवून टाक. रामजीराव त्यांना एकच उत्तर द्यायचे: माझी पोरगी माझ्याशी खोटं बोलत नाही. त्या एका वाक्यावर तिचं सगळं शिक्षण उभं होतं, आणि ती सहा महिने खोटं बोलत होती.

"काका, आबाला कळलं तर माझं नांदेड बुडालं," ती म्हणाली.

"न्हाई कळणार, बाई. त्या दगडावर बस अन् आधी पाणी पी."

संतरामनं पोचा काढला, घासलं, पुट्टी भरली. डब्यात जुना रंग शिल्लक होता, पण तो तसाच लावून भागणार नव्हतं. मधल्या दोन वर्षांत गाडीनं ऊन खाल्लं होतं. गाडीला तिचा नवेपणीचा रंग लावला की तो परका वाटतो. तिचा आजचा रंग कोणता ते आधी ओळखावं लागतं. त्यानं चार वेळा रंग कालवला, चार वेळा उन्हात नेऊन पाहिला. फक्त एक गोष्ट त्याच्या हातात नव्हती. त्या दमट हवेत पुट्टीला सुकायला दिवसभर लागला असता, आणि त्यानं तिला दोन तास दिले. ही चूक त्याला करताना कळत होती.

चार वाजता नीलम गाडीभोवती तीन चकरा मारून आली. "काका, कुठं घासली व्हती ते मलाच सापडून न्हाई राहिलं."

आयुष्यात कोणी त्याच्या कामाला याहून मोठी पावती दिली नव्हती, आणि ती कोणाला सांगायची सोय नव्हती. त्यानं तिला शब्द दिला. थावरानंही दिला.

आता आणखी दोन वर्षांनी त्या पुट्टीत कोंडलेली ओल वर आली होती.

"बोल की," रामजीराव म्हणाले. "ह्याला इचारलं तर ह्यानं तोंडात मिठाची गुळणी धरली. बारा वर्षं माझ्या घरी हाय. ट्रॅक्टरवर व्हता तवापासून. गाडी घासली त्याचं मला काय न्हाई, पत्राच हाय तो. पण लपवलं काहून? घरात एक लेकरू हाय, नीलम, जे कवा माझ्याशी खोटं बोललं न्हाई. बाकी सगळे चोर. आज ह्याचा हिशोब करतो अन् तांड्यावर लावून देतो."

संतरामनं थावराकडं पाहिलं. पन्नाशीला टेकलेला माणूस. एक नाव घेतलं असतं तर तो सुटला असता, आणि नाव घ्यायला त्याच्यापाशी कारणही होतं, कारण गाडी त्यानं घासलीच नव्हती. थावरा खाली मान घालून ते कोरडं फडकं पिळत राहिला. संतरामला त्या क्षणी स्वतःची लाज वाटली. आपण अजून विचारच करतोय आणि हा माणूस केव्हाच ठरवून बसलाय.

"आबा, थावराचा कसूर न्हाई," तो म्हणाला. "गाडी कोणी आणली नव्हती. तुमीच ठेवून गेलते, डिकीचं कुलूप बसवायला. शेडात मागं घेताना माझ्याच हातून खांबाला घासली. तुमाला सांगायला तोंड झालं न्हाई. मंग मीच झाकलं."

रस्त्यावरून एक जीप गेली. कुलपासाठी गाडी एकदा ठेवली होती हे खरंच होतं, आणि रामजीरावांना ते आठवलं. त्यांनी दारावरचं बोट काढून धोतराला पुसलं.

"म्हंजी तू मला फसवलं."

"व्हय."

"अन् मी शिरडच्या पाच-पंचवीस गाड्या तुझ्याकडं लावून दिल्या. संतरामसारखा माणूस न्हाई म्हणून सांगत फिरलो."

"व्हय, आबा. फोड मी भरून देतो."

"हात लावू नको गाडीला," रामजीराव म्हणाले. मग थावराकडं न बघताच, "चल, बस. उन्हात काय उभा राहिला?" थावराची माफी त्यांनी एवढीच मागितली.

चार दिवसांनी थावरा एस्टीनं आला आणि शेडमधल्या रिकाम्या डब्यावर बसला.

"काहून घेतलं अंगावर, संतरामभाऊ?"

"तू काहून गप बसला व्हता?"

"पोरीला शब्द दिल्ता."

"मंग? म्या काय दिल्ता, उसाचं कांडं?"

दोघंही हसले, आणि हसता हसता थावरानं डोळे पुसले. "मी ताईला सांगू का?" त्यानं विचारलं. "सांगितलं तर ती आबाला जाऊन सांगंल," संतराम म्हणाला, "मंग आपण दोघं गाढव ठरू." तो विषय तिथंच संपला.

शिरडच्या गाड्या मात्र यायच्या बंद झाल्या. साखऱ्याचा एक जीपवालाही वाट बदलून पुढं गेला. द्वारकाबाई, संतरामची बायको, बाजारात काहीबाही ऐकून आली. "लोक म्हणून राहिले, तुमी पतंग्याची गाडी घासून लपवली. खरं हाय का?" संतराम जेवत होता. "व्हय," तो म्हणाला आणि भाकरी मोडली. परक्याशी खोटं बोलणं एक वेळ जमतं. जिनं वीस वर्षं रंगाचा वास सोसला तिच्याशी बोलताना त्यानं ताटावरून मान वर केली नाही.

दोन हजार सातच्या माघात परभणीचा एक माणूस नवी गाडी घेऊन आला. दारावर किल्लीचा ओरखडा होता. संतराम पाणी मारून घासत होता, आणि तो माणूस रस्त्याकडे तोंड करून चहा पीत होता.

"अरारारा," तो एकाएकी म्हणाला. "ते बघा. एवढ्या सुंदर रंगाचं काय वाटोळं केलंय!"

संतरामनं मान वर केली. हुरड्याच्या रंगाची अम्बॅसेडर येत होती. दुसऱ्या गावच्या कुणीतरी मागच्या दारावर कार्डातला हिरवा फासला होता. ताटाएवढं ठिगळ, पोपटी, उन्हात बोंबलणारं. स्टेअरिंगवर नीलम होती. नांदेडचं शिक्षण संपवून ती आता कॉलेजात शिकवते, हे संतरामच्या कानावर आलं होतं. थावरा तिच्या शेजारी हातावर हात ठेवून मालकासारखा बसला होता. मागच्या सीटवर रामजीराव पेपर वाचत होते. लेक गाडी चालवत असताना ज्या बापाला पेपर वाचता येतो, त्याचा केवढा विश्वास असेल.

नीलमनं शेडकडं पाहिलं नाही. समोरून उसाची ट्रॉली येत होती, तिची नजर त्या ट्रॉलीवर होती. चालवणाऱ्यानं इकडंतिकडं पाहूही नये. तिनं गाडी हळू केली, ट्रॉलीला वाट दिली आणि पुढं काढली.

"रंग कोणाचा हाय हो हा?" परभणीच्या माणसानं विचारलं.

"माझा."

"अन् ते ठिगळ?"

"ते दुसऱ्याचं."

"मग तुमच्याकडंच काहून न्हाई आणली?"

"माझ्याकडून चूक झाली व्हती," संतराम म्हणाला. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो पाहत राहिला, आणि मग दारावर पाणी मारून पुन्हा घासायला बसला.